साचा कुणाच्या हातात?

पनवेल-रोहा मार्गावर जिते मागे पडले की पेणच्या आधी हमरापूर लागते. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत हा सगळा पट्टा गणपतीच्या कारखान्यांचा. वर्षाकाठी लाखो मूर्ती इथून मुंबई-पुण्याला जातात, काही बोटीने परदेशीही जातात. या धंद्यातले खरे भांडवल म्हणजे साचा. नवा नमुना मातीत घडवायचा, त्यावरून रबराचा साचा काढायचा आणि मग हव्या तेवढ्या मूर्ती पाडायच्या. गिऱ्हाइकाच्या हाती मूर्ती पडते, साचा कारखान्यातच राहतो. सोंडेचे वळण बदलून हवे असेल तर साचेवाल्याचेच पाय धरावे लागतात. संगणकाच्या बाबतीत आपण सगळे असेच गिऱ्हाईक आहोत. विंडोज ही तयार मूर्ती, तिचा साचा मायक्रोसॉफ्टच्या कपाटात. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने 1991 मध्ये सुरू केलेल्या लिनक्सची रीत वेगळी. तिथे मूर्तीबरोबर साचाही मिळतो. वापरा, उघडून पाहा, बदला, शेजाऱ्याला द्या, कोणी विचारायला येत नाही. उबुंटू, मिंट, डेबियन ही त्याच साच्यातून निघालेली वेगवेगळी रूपे, आणि बहुतेकांना पैसेही पडत नाहीत.

अशी वस्तू एव्हाना घरोघर पोचायला हवी होती. एका अर्थाने ती पोचलीही आहे. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे, म्हणजे गणपतीचे डोळे रेखणाऱ्या कारागिराच्या खिशातही लिनक्स आहे. जगातल्या पहिल्या 500 महासंगणकांपैकी एकूण एक नोव्हेंबर 2017 पासून लिनक्सवर चालतात. टेबलावरच्या संगणकावर मात्र चित्र उलटे. स्टॅटकाउंटरच्या मोजणीत लिनक्सने जगभरच्या डेस्कटॉपवर 4 टक्क्यांची रेघ ओलांडली ती फेब्रुवारी 2024 मध्ये, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी. याचे ठरीव उत्तर असे की लिनक्स अवघड, इंजिनिअर लोकांचे खेळणे, साध्या माणसाला काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायला लावणारे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हे उत्तर बरेचसे खरे होते. आज ते आळशी उत्तर आहे. माझे म्हणणे असे की घरातला संगणक कशावर चालावा हे घरातला माणूस ठरवतच नाही. ते ठरवतात प्रिंटर, फॉन्ट, डिजिटल सहीचे टोकन, कराचा फॉर्म आणि संगणकाचा क्लास. ही सगळी साखळी विंडोजभोवती ओवलेली आहे, आणि ती तिथे ओवण्यात मोठा हात सरकारचा आहे.

हे तपासून पाहायची आयती संधी नुकतीच येऊन गेली. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा आधार काढून घेतला. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षा-अपडेटसाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत एक वर्षाची मुदतवाढ दिली, एवढेच. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसर ढोबळमानाने 2018 च्या पुढचा लागतो. म्हणजे 2015-16 साली घेतलेला, पंखा नीट फिरणारा, कीबोर्डची अक्षरे तेवढी पुसट झालेला संगणक एका तारखेला कागदोपत्री बाद झाला. त्याच यंत्रावर लिनक्स मिंट सुरळीत चालते, पुढची कित्येक वर्षे अपडेटही मिळतात. कंपनीने स्वतःच गिऱ्हाइकाला दाराबाहेर काढावे, अशी वेळ लिनक्सच्या नशिबी पुन्हा लवकर यायची नाही. तरी असला संगणक दुरुस्तीला नेला की दुकानदार काय म्हणतो, ते कोणालाही सांगता येईल: ‘फॉरमॅट मारून अकरा टाकून देतो, चालेल काही वर्षं.’ चिपची अट चुकवून, परवान्याशिवाय. याला दुकानदाराचे अज्ञान म्हणता येणार नाही. लिनक्स टाकून दिले तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक प्रिंटर काखोटीला मारून परत येईल, हे त्याला पक्के ठाऊक असते.

तो प्रिंटर जरा जवळून पाहण्यासारखा आहे. आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत, वकिलांच्या टेबलांवर, पतपेढ्यांमध्ये दोन यंत्रे पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून आहेत: कॅनन एलबीपी 2900 आणि एचपी लेझरजेट 1020. दोन्ही चिवट. टोनर पुन्हा पुन्हा भरून वर्षानुवर्षे चालतात. महागड्या प्रिंटरला पानाची एखादी सर्वमान्य भाषा कळते, त्यामुळे त्याच्याशी कुठलाही संगणक बोलू शकतो. या स्वस्त प्रिंटरांनी डोक्याचे काम संगणकावर सोपवले आहे. पान कसे छापायचे याचा हिशेब संगणकाने करायचा आणि तो कंपनीच्या खाजगी बोलीत कळवायचा. या बोलीचा विंडोजसाठीचा दुभाष्या खोक्यातल्या सीडीवरच मिळाला. लिनक्ससाठी कॅननने ड्रायव्हर काढला खरा, पण तो बसवता बसवता जाणकाराचीही दुपार जाते. एचपीच्या 1020 ची तर आणखी तऱ्हा. वीज गेली की ते यंत्र स्वतःचे फर्मवेअर विसरते आणि पुन्हा सुरू झाल्यावर संगणकाने ते त्याला नव्याने पाजावे लागते. लिनक्सवर त्यासाठी कंपनीचा एक बंदिस्त तुकडा वेगळा उतरवून घ्यावा लागतो. जाणकाराला हे पाच मिनिटांचे काम. पण मे महिन्यात वीज जाते-येते, बाहेर उताऱ्यासाठी रांग लागलेली असते, तेव्हा झेरॉक्सवाल्याने काय करावे? तो विंडोज ठेवतो, आणि त्याचे बरोबर आहे. यात लिनक्सचा दोष किती? साचा बंद ठेवला प्रिंटर कंपनीने, आणि बदनाम झाले लिनक्स.

प्रिंटर खाजगी कंपन्यांचे, त्यांना बोल लावून भागते. पण साखळीची पुढची कडी सरकारी आहे. आयकर विवरणपत्राची जी ऑफलाइन साधने खाते स्वतः पुरवते, त्यांत एक्सेलची मॅक्रोवाली, म्हणजे पोटात छोटे प्रोग्राम असलेली, फाइल असते, नाहीतर विंडोजवर बसवायचा प्रोग्राम. लिनक्सवर एक्सेलच्या जागी चालणाऱ्या लिबरऑफिसमध्ये ती मॅक्रोची फाइल उघडली की बटणे दिसतात, पण दाबल्यावर ढिम्म हलत नाहीत. सेवा केंद्रातल्या बोटाच्या ठशाच्या यंत्राला जी नोंदणीकृत सेवा लागते ती मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी बनते. डिजिटल सहीच्या टोकनांना लिनक्सचे ड्रायव्हर मिळतात, पण सरकारी पोर्टलवर ती सही उमटवण्याची पायरी विंडोज गृहीत धरूनच लिहिलेली असते. वर हिशेबनीसाचे टॅली, तेही विंडोजचेच. आता हेच केंद्र सरकार नोव्हेंबर 2010 मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर करते, 2015 मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला पसंती देण्याचे धोरण काढते, सी-डॅककडून ‘बॉस’ नावाचे भारतीय लिनक्स करून घेते. संरक्षण मंत्रालयाने तर 2023 मध्ये आपल्या संगणकांसाठी उबुंटूवर बेतलेली ‘माया’ ही प्रणाली आणायला घेतली. स्वतःच्या कचेरीत लिनक्स सुरक्षित म्हणून हवे आणि नागरिकाच्या फॉर्मला मात्र मॅक्रो हवेत, असा हा कारभार. धोरण दिल्लीत छापले जाते, फॉर्म कंत्राटदार लिहितो, आणि दोघांची गाठ पडत नाही.

मराठीचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि तिथे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनाही सोडून चालणार नाही. लग्नपत्रिका, मंडळाच्या पावत्या, फ्लेक्स हे सगळे पेणच्या काय किंवा कुठल्याही तालुक्याच्या बाजारपेठेत जिथे तयार होते, तिथे पेजमेकर आणि कोरलड्रॉ चालतात. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 सालची, पण आमच्या डीटीपीवाल्याला तिचे सुतक नाही. त्याचे सारे अक्षरवैभव श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख अशा फॉन्टांत अडकले आहे. युनिकोडच्या आधीच्या या फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा बसवलेला असतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकूर गेला की आमंत्रणाचे गबाळे होते. बरे, युनिकोड काही कालचे नाही. देवनागरी त्यात 1991 पासून आहे आणि राज्य सरकारने मराठी कारभारासाठी ते बंधनकारक करून बरीच वर्षे झाली. मग डीटीपीवाला हलला का नाही? कारण इकडे यायला त्याला पूलच नव्हता. स्क्रायबस हे पेजमेकरच्या तोडीचे मुक्त सॉफ्टवेअर, पण जोडाक्षरे धड जुळवणारी त्याची स्थिर आवृत्ती आली जानेवारी 2024 मध्ये. तोवर ‘श्री’ लिहायला गेले की तिचे अवयव सुटे पडायचे. ज्या भाषेत प्रत्येक पत्रिकेच्या माथ्यावर ‘श्री’ लागते, तिच्या छपाईवाल्याला या अवस्थेत लिनक्सचा उपदेश करणे ही शुद्ध चेष्टा होती.

याच विषयाची दुसरी बाजू पुण्यात आहे. रेड हॅट या लिनक्सच्या कंपनीने लोहित फॉन्ट 2004 मध्ये खुले केले, त्यांवरचे बरेच काम पुण्यातून झाले. जीनोम आणि केडीई या लिनक्सच्या दर्शनी भागांचे मराठीकरण झाले, तेही मुख्यतः तिथल्या आणि मुंबईतल्या मोजक्या मंडळींच्या बळावर. टंकलेखनासाठी लिनक्समध्ये इनस्क्रिप्ट आहे, रेमिंग्टन आहे, फोनेटिक आहे, अगदी ‘गमभन’च्या वळणाची मांडणीही आहे. सरकारी टंकलेखन परीक्षेसाठी बोटे घासलेल्या माणसाला इथे परके वाटायचे कारण नाही. मराठी वळणाचे ल आणि श तर राज्य शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने ठरवून दिले. ते पडद्यावर उमटवायचे तर साचा उघडा हवा, बंद फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे जे मिळेल ते मुकाट घ्यावे लागते. भाषेच्या दृष्टीने मुक्त सॉफ्टवेअरचा सगळ्यांत मोठा फायदा तो हाच. पण मराठीकरण वाचायला घेतले की कोशातून काढलेले, कोणाच्याच तोंडी नसलेले शब्द भेटतात. ‘फाइल’, ‘प्रिंट’, ‘सेव्ह’ म्हणणाऱ्या माणसासमोर संस्कृत समासांची ताटे मांडली की तो भाषा इंग्रजीवर करून टाकतो. मग मराठीकरणाला वापरणारे मिळत नाहीत आणि वापरणारे नाहीत म्हणून सुधारणारेही मिळत नाहीत.

सवय कुठे लागते, हे पाहायचे तर क्लासकडे वळावे. 2001 पासून एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीने महाराष्ट्रातल्या लाखो लोकांना माउस धरायला शिकवले. खेड्यापाड्यांत संगणक पोचवण्याचे ते काम लहान नाही. सरकारी नोकरीच्या अटींमध्ये त्या प्रमाणपत्राला मान आहे. या नावातला ‘एमएस’ म्हणजे महाराष्ट्र स्टेट. पण आत शिकवले काय, तर मुख्यतः विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस, त्यामुळे ‘एमएस’चा भलताच अर्थ लावणारे कमी नसावेत! शिकणाऱ्याच्या लेखी पत्र लिहिणे म्हणजे वर्ड आणि हिशेब म्हणजे एक्सेल. केरळने त्याच 2001 साली आयटी@स्कूल सुरू केले आणि काही वर्षांतच शाळांचा संगणक विषय पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर नेला. आधी शिक्षकांचे प्रशिक्षण, मग पाठ्यपुस्तक, मग दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा. आज ‘काइट’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेने 2019 मध्ये शाळांच्या सुमारे 2 लाख संगणकांसाठी उबुंटूवर बेतलेली स्वतःची आवृत्ती दिली. मल्याळी मुलांच्या मेंदूत काही वेगळे असते असे नाही, त्यांच्या परीक्षेत तो प्रश्न होता. ज्यांना लिनक्स मुळातच अवघड वाटते, त्यांनी केरळचे हे उदाहरण खोडून दाखवावे.

आक्षेप आणखी आहेत, आणि काही वजनदार आहेत. पहिला आक्षेप खिशाचा: आपल्याकडे विंडोज फुकटच मिळते, तर फुकट लिनक्सचे कौतुक काय? खरे आहे. मध्यंतरी स्वस्त लॅपटॉप डॉस किंवा उबुंटू घालून विकले जात आणि घरी पोचण्याआधीच त्यांवर चोरीचे विंडोज चढे. किमतीच्या मुद्द्यावर लिनक्सचा प्रचार भारतात फसला तो इथेच. चोरीमुळे मायक्रोसॉफ्टचे जेवढे नुकसान झाले असेल, त्याहून जास्त लिनक्सचे झाले. म्हणून मी लिनक्सची बाजू स्वस्ताईवर मांडत नाही. जुलै 2025 मध्ये काय झाले ते आठवा. युरोपीय संघाने निर्बंध घातले आणि वाडिनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा बंद पडल्या. पैसे भरलेले, परवाने खरे, तरी स्वतःच्या ईमेलपर्यंत पोचता येईना. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि मग सेवा परत सुरू झाली. एवढ्या मोठ्या कंपनीला न्यायालयाची पायरी चढावी लागते, तिथे हमरापूरच्या एखाद्या कारखानदाराची ऑर्डरवही आणि बिले अडकली तर तो कुठे जाणार? यानंतर सरकारी ईमेल झोहोकडे नेल्याचे कौतुक झाले. झोहो भारतीय आहे, चांगली आहे, पण तिचा साचाही बंदच आहे. मालक बदलला, कुलूप तेच.

दुसरा आक्षेप म्युनिकचा. जर्मनीतल्या या शहराने 2003 मध्ये लिनक्सकडे वळायचे ठरवले, दहा वर्षांत सुमारे 15 हजार संगणक वळवले आणि 2017 मध्ये परत विंडोजकडे जायचा ठराव केला. लिनक्स जमत नाही याचा पुरावा म्हणून हे उदाहरण नेहमी फेकले जाते. तिथे राजकारण होते, मायक्रोसॉफ्टने आपले जर्मन मुख्यालय 2016 मध्ये त्याच शहरात हलवले होते, हे सगळे खरे. पण कर्मचाऱ्यांच्या तक्रारीही खोट्या नव्हत्या. बाहेरची खाती वर्डच्या फाइली पाठवत राहिली आणि त्या इकडे विस्कटत राहिल्या. एका शहराने प्रणाली बदलली, शेजारची साखळी तशीच राहिली, म्हणून ओढाताण झाली. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलिस दलाने उलट क्रम धरला. 2005 पासून आधी ऑफिसचे सॉफ्टवेअर बदलले, मग ब्राउझर आणि ईमेल, आणि 2008 पासून प्रणाली. शिपायाला शेवटी फक्त पडद्यावरचा रंग बदललेला दिसला. ते दल आजही उबुंटूवर आहे. जर्मनीतल्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने 2024 मध्ये 30 हजार संगणकांवर लिबरऑफिस आणायचा निर्णय घेतला, त्यांनीही सुरुवात फाइलपासूनच केली.

तिसरा आक्षेप असा की आता मोबाइलवरच सगळे होते, डेस्कटॉपची चिंता कोणाला? व्हॉट्सॲपवर मूर्तीचे फोटो पाठवून ऑर्डर घेण्यापुरते हे ठीक. चारशे गिऱ्हाइकांची यादी, कोणाला किती इंचांची, आगाऊ रक्कम किती, गाडी कोणत्या तारखेला, हे बोटाएवढ्या पडद्यावर होत नाही, आणि बँकेला प्रकल्प अहवालही लागतो. आणि लिनक्सचे शेकडो प्रकार, म्हणजे डिस्ट्रो, पाहून माणूस गोंधळतो, हा आक्षेप तर मला पूर्ण मान्य आहे. नवशिक्याला मदत मागितल्यावर ‘तू चुकीचे डिस्ट्रो घेतलेस’ म्हणणाऱ्या भक्तांनी लिनक्सचे जेवढे वाटोळे केले, तेवढे मायक्रोसॉफ्टलाही जमले नसेल.

इथे हमरापूरच्या धंद्याकडे परत जावे लागते, कारण असाच पेच तिथे चालू आहे. शाडू पाण्याला चांगली हे भाविकांना वर्षानुवर्षे सांगून झाले. कारखान्यात मात्र प्लास्टर चालत राहिले. ते हलके, लवकर वाळते, गाडीत तडकत नाही. शाडू गुजरातहून आणायची, तिला वाळायला दिवस द्यायचे आणि फुटतूट सोसायची. मे 2020 मध्ये प्लास्टरच्या मूर्तींना मनाई करणारी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वे आली. जून 2025 मध्ये अशा मूर्ती घडवण्यावरची बंदी मुंबई उच्च न्यायालयात उठली, विसर्जनावरची बंधने राहिली. पण उपदेशाच्या पुढची पहिली पायरी कुठली होती, तर मुंबई महापालिकेने मूर्तिकारांना शाडू माती आणि कामाला जागा मोफत द्यायला सुरुवात केली ती. भाविकाचे मन वळवत बसण्यापेक्षा मूर्तिकाराच्या गणिताला हात घालणे शहाणपणाचे, हे पालिकेला उमगले. संगणकाच्या बाबतीत घरगुती वापरकर्ता हा तो भाविक आहे. त्याला व्याख्याने देणे पुरे.

गणित बदलू शकतो तो मोठा खरेदीदार, आणि शाळा, ग्रामपंचायती, आरोग्य केंद्रे, तहसील यांच्यासाठी घाऊक संगणक आणि प्रिंटर घेणारे सरकार तसा खरेदीदार आहे. कार्यालयांवर उद्या लिनक्स लादा असे कोणी म्हणत नाही, तसे केले तर म्युनिकच होईल. सुरुवात हमरापूरच्याच जिल्ह्यातून व्हावी: रायगड जिल्हा परिषदेने पुढच्या खरेदीत दोनच अटी घालाव्यात. प्रिंटर, स्कॅनर, ठशाचे यंत्र काहीही घ्या, त्याचा लिनक्सवर चालणारा ड्रायव्हर कंपनीने दिलाच पाहिजे आणि तो दुकानात चालवून दाखवला पाहिजे. कार्यालयाबाहेर जाणारी प्रत्येक फाइल युनिकोड मराठीत आणि खुल्या स्वरूपातच गेली पाहिजे. यासाठी नवी योजना लागत नाही, वेगळा निधी लागत नाही, केंद्राची 2010 आणि 2015 ची धोरणे पाठीशी आहेतच. अशी अट दहा-वीस जिल्ह्यांनी घातली की प्रिंटर कंपन्यांचे दुभाषे आपोआप लिनक्स शिकतील, आणि झेरॉक्सवाल्याला, डीटीपीवाल्याला, कारखानदाराला पहिल्यांदा खरोखरीची निवड करता येईल. त्यानंतरही त्यांनी विंडोजच घेतले तर खुशाल घ्यावे. जिल्हा परिषदेची निविदा अलिबागहून निघते. या दोन ओळी तिथेच घालायच्या आहेत.